मालकाला विकायची घाई नाही? मग बोलणी अशी करा!

‘‘घर विकायचं तर आहे, पण आम्हाला कुठं घाई आहे?’’

घर बघून, चहा घेऊन झाला की मालक हे वाक्य टाकतो आणि घर घ्यायला आलेल्या नवरा-बायकोचे चेहरे उतरतात. घर तर मनात भरलेलं असतं, पण मालकाला ना पैशाची नड, ना विकण्याची ओढ. अशा माणसाशी बोलायचं तरी कसं?

रायपूरच्या तात्यापारा, बूढापारा, ब्राह्मणपारा या जुन्या वस्त्यांत असे मालक हमखास भेटतात. १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड राज्य झालं, रायपूर राजधानी बनलं आणि जागेची मागणी वाढली. समजा, अशाच एका वस्तीत एक पेन्शनर काका-काकू राहतात. मुलगा पुण्यात, मुलगी परदेशात. माडीवरच्या खोल्यांना कुलूप आहे. काका भाव सांगतात तो असा, की समोरचा पुन्हा फिरकू नये!

आधी कारण ओळखा

असा अवाच्या सवा भाव हा पुष्कळदा पैशाचा आकडा नसतोच. तो सभ्य शब्दांतला नकार असतो. म्हणून पहिल्या भेटीत भावाचा विषय काढूच नका. ‘‘काका, हे घर सोडलं तर तुम्ही राहणार कुठं?’’ असं आपुलकीनं विचारा. खरी अडचण तिथंच कळते. कुणाला नव्या जागेची धास्ती असते, कुणाच्या बहिणीचा होकार मिळालेला नसतो, तर कुणाला वाटतं की सगळे पैसे करातच जातील.

ही शेवटची भीती बरेचदा अपुऱ्या माहितीमुळे असते. २००१ पूर्वीच्या घरासाठी १ एप्रिल २००१ रोजीची बाजारातली किंमत मूळ खर्च म्हणून धरता येते. २३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेल्या घराच्या नफ्यावर भारतात राहणाऱ्या व्यक्तीला १२.५ टक्के किंवा महागाईचा हिशेब धरून २० टक्के, यांपैकी कमी पडेल तो कर भरता येतो. ठराविक मुदतीत दुसरं घर घेतलं तर सवलतही मिळते. ‘‘एकदा तुमच्या सीएला विचारून बघा,’’ एवढं सुचवलंत तरी अडलेली गोष्ट पुढं सरकू शकते.

आपली मर्यादा ठरवा

बोलणीला बसण्याआधी घरी दोघांनी मिळून वरचा आकडा कागदावर लिहून ठेवा. कलेक्टर गाइडलाइनचा दर पाहा. मात्र तो मुद्रांक शुल्कासाठी असतो, बाजारभाव नव्हे. आसपास अलीकडे झालेल्या रजिस्ट्रीची चौकशी करा. जुन्या घरात जमीन आणि बांधकाम यांचा हिशेब वेगळा धरा. दुरुस्तीचा अंदाज इंजिनिअरकडून घ्या.

आणि एक पथ्य पाळा! तीन-तीन दलाल एकाच दारात पाठवू नका. घराला फार मागणी आहे असं मालकाला वाटतं आणि भाव आणखी चढतो. घराला नावंही ठेवू नका. ‘‘भिंती ओल्या आहेत’’ म्हटलं की काकूंचं मन दुखावलंच समजा. त्याऐवजी, ‘‘दुरुस्तीला एवढा खर्च येईल, म्हणून आम्ही इतके देऊ शकतो,’’ असं सांगा.

पैशाऐवजी सोय द्या

ज्याला पैशाची नड नाही, त्याला आणखी लाखभर रुपयांचं आकर्षण नसतं; सोयीचं असतं. ‘‘दिवाळी याच घरात करा, मग सावकाश जागा सोडा,’’ असं म्हणून बघा. तुळशीवृंदावन, झोपाळा, जुनी कपाटं न्यायची मुभा द्या. बँकेचं कर्जमंजुरीचं पत्र सोबत ठेवा. हे गिऱ्हाईक पक्कं आहे, अशी खात्री त्यातून पटते. मग आपला आकडा लेखी द्या, त्यावर मुदत घाला आणि गप्प बसा. रोज फोन करणाऱ्याची गरज दिसते, आणि गरजवंताला अक्कल नसते हे मालकही जाणतो!

होकार मिळाला तरी...

आनंदाच्या भरात मोठा बयाना देऊ नका. आधी कागद वकिलाला दाखवा. जमीन नजूलची आहे का, पट्ट्याची मुदत काय, नामांतरण झालंय का, बोजा आहे का, हे तपासा. वडिलोपार्जित मालमत्तेत २००५ च्या कायद्यातील दुरुस्तीनं मुलीला मुलाइतकाच हक्क आहे. म्हणून परदेशातल्या लेकीचा हक्क पोहोचत असेल तर तिची सही किंवा मुखत्यारपत्रही हवं. करारानं मालकी मिळत नाही, ती नोंदणीकृत खरेदीखतानंच मिळते.

व्यवहार बँकेतूनच करा. घराच्या सौद्यात २०,००० रुपये किंवा त्याहून जास्त रोख घेणं कायद्यानं मना आहे. किंमत ५० लाख किंवा अधिक असेल तर १ टक्का कर कापून भरण्याची जबाबदारी घेणाऱ्याची. विकणारा परदेशात राहत असेल तर कपातीचे नियम वेगळे आणि दरही जास्त. तेव्हा सल्ला घेतल्याविना पैसे देऊ नका.

आणि एवढं करूनही काका ‘नाही’च म्हणाले तर? हसतमुखानं उठा, नंबर ठेवून या, दुसरी घरं बघत राहा. सणावाराला एखादा फोन करा. वर्षभरानं मुलगा ‘इकडेच या’ म्हणाला, की काकांना आधी कोण आठवेल? घासाघीस करणारा नव्हे, तर घराची कदर करणारा! पण आपण लिहून ठेवलेला आकडा मात्र तेव्हाही ओलांडू नका. घर हवं ते सुखानं राहण्यासाठी. हप्ते फेडता फेडता झोप उडवण्यासाठी नव्हे.