लहान पेटीतला खर्ज

रस्त्याने एखादी मोटारगाडी जाते. तिच्या काचा बंद असतात, त्यामुळे आत कोणते गाणे चालू आहे ते कळत नाही. पण 'धुम् धुम्' असा खर्ज मात्र आपल्या छातीला जाणवतो. गाडी लहान आणि तिच्या डिकीत ठेवलेली पेटी त्याहून लहान. मग एवढा खर्ज आला कोठून?

हा प्रश्न पडायलाच हवा, कारण आपला नेहमीचा अनुभव याच्या उलट आहे. तबल्यापेक्षा डग्गा मोठा असतो, व्हायोलिनपेक्षा चेलो मोठा असतो. खालच्या स्वराला मोठे आकारमान लागते. ध्वनीचा हवेतील वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर आहे. म्हणून ४० हर्ट्झ कंप्रतेच्या स्वराची तरंगलांबी ३४० ÷ ४० = ८.५ मीटर येते. लहान मोटारीची लांबी ४ मीटरही नसते! अशा मोटारीत, डिकीची जागा फारशी न अडवता, खर्ज निर्माण करणारा ध्वनिक्षेपक म्हणजे 'सबवूफर' बसवायचा आहे. त्याची पेटी केवढी असावी?

पेटी हवीच कशाला?

एक सोपा प्रयोग करा. जुन्या ट्रान्झिस्टरमधला ध्वनिक्षेपक, तारा न तोडता, बाहेर काढा व गाणे लावा. आवाज चिरका, पोकळ येईल. आता पुठ्ठ्याच्या मोठ्या तुकड्याला ध्वनिक्षेपकाएवढे भोक पाडून तो तेथे घट्ट धरा. आवाज लगेच भरदार होईल.

असे का होते? ध्वनिक्षेपकाचा पडदा पुढे सरकतो तेव्हा पुढची हवा दाबली जाते, पण त्याच क्षणी मागची हवा विरळ होते. खर्जाच्या लांब तरंगांना कडेवरून वळून जाणे सोपे असते. पुढचा दाब मागच्या विरळपणात मिसळतो आणि दोन्ही एकमेकांना नाहीसे करतात. पुठ्ठा त्यांची वाट लांबवतो. बंद पेटी ती वाट पूर्णपणे अडवते.

हवेची स्प्रिंग

पण पेटी आली की नवी अडचण येते. सायकलच्या पंपाचे तोंड बोटाने बंद करून दांडा दाबून पाहा. तो परत वर उसळतो. कोंडलेली हवा स्प्रिंगसारखी वागते. पेटी जितकी लहान तितकी ही स्प्रिंग ताठ. आणि स्प्रिंग ताठ झाली की पडद्याची नैसर्गिक कंप्रता वाढते, म्हणजे खर्ज हातचा जातो.

अमेरिकेतील एडगर व्हिलचर यांनी १९५४ च्या सुमारास ही अडचणच कामाला लावली. पडद्याला मुद्दामच अगदी सैल टांगायचे आणि त्याला जागेवर आणण्याचे काम बंद पेटीतल्या हवेकडे सोपवायचे, ही त्यांची युक्ती. कपाटाएवढ्या पेट्यांच्या त्या काळात त्यांची पेटी पुस्तकांच्या फळीवर मावत असे. पुढे ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये आणि सिडनी विद्यापीठात संशोधन करणाऱ्या रिचर्ड स्मॉल यांनी १९७० नंतरच्या काही वर्षांत या साऱ्याला गणिताची बैठक दिली. तेव्हापासून पेटी अंदाजाने न बांधता हिशेबाने बांधता येऊ लागली.

हिशेब करू या

सबवूफरसोबत मिळणाऱ्या कागदावर तीन आकडे शोधा. 'एफएस' म्हणजे पेटीविना पडद्याची नैसर्गिक कंप्रता. 'व्हीएएस' म्हणजे पडद्याच्या टांगणीइतकीच ताठ असणाऱ्या हवेचे घनफळ. 'क्यूटीएस' म्हणजे पडदा किती हेलकावत राहतो हे सांगणारा अंक. समजा, २५ सेंटिमीटर व्यासाच्या एका सबवूफरचे हे आकडे अनुक्रमे ३० हर्ट्झ, ४५ लिटर व ०.४ आहेत.

बंद पेटीत पहिला आणि तिसरा आकडा एकाच पटीत वाढतात. ती पट अशी:

पट = √(१ + व्हीएएस ÷ पेटीचे घनफळ)

पेटी ४५ लिटरची घेतली तर पट √२, म्हणजे १.४१ येते. कंप्रता ४२ हर्ट्झ व हेलकाव्याचा अंक ०.५७ होतो. पेटी २० लिटरची घेतली तर पट १.८ येते, कंप्रता ५४ हर्ट्झ व अंक ०.७२ होतो. हा अंक ०.७ च्या आसपास असला की आवाज समतोल राहतो. तो १ च्या बराच वर गेला की एकच सूर घुमत राहतो. तेव्हा आपल्याला २० लिटर चांगले.

पेटीला नळी बसवून, बाटलीच्या तोंडावर फुंकर मारल्यावर येतो तसा अनुनाद वापरता येणार नाही का? येतो, पण २० लिटरच्या पेटीला ३५ हर्ट्झवर आणण्यासाठी १० सेंटिमीटर व्यासाची नळी सुमारे ८५ सेंटिमीटर लांब लागेल. पेटीहून नळीच मोठी!

तीनपैकी दोन

लहान पेटी, खोल खर्ज आणि थोड्या विजेत मोठा आवाज, या तीन गोष्टी एकदम मिळत नाहीत. कोणत्याही दोन निवडा, तिसरीवर पाणी सोडा. अमेरिकन भौतिकीतज्ज्ञ जे. अँटन हॉफमन यांच्या नावाने हा 'लोहनियम' ओळखला जातो. विजेचा खर्च न वाढवता खर्ज निम्म्या कंप्रतेपर्यंत खाली न्यायचा तर पेटी आठपट मोठी करावी लागते. मोटारीत आपण पेटी लहान ठेवतो व त्याची किंमत जास्त शक्तीच्या अँप्लिफायरच्या रूपाने मोजतो.

सुदैवाने मोटारही थोडी मदत करते. गाडीच्या आतली लांबी समजा २.५ मीटर आहे. ६८ हर्ट्झच्या खाली अर्धी तरंगलांबीही तेथे मावत नाही. मग तरंग पसरण्याऐवजी गाडीतली सगळी हवा एकदमच दाबली जाते व सैल होते. बंद पेटीचा आवाज तिच्या कंप्रतेखाली दर सप्तकाला १२ डेसिबेलने घटत जातो. बंद गाडी जवळजवळ तेवढीच भर घालू पाहते. पत्रे व काचा हलतात, फटी असतात, म्हणून भर पूर्ण पडत नाही. तरीही घरात दुबळी वाटणारी पेटी गाडीत दमदार वाटते, ती यामुळेच.

फळी आणि माप

ध्वनिक्षेपकाचा मागचा भाग दोनेक लिटर जागा खातो. म्हणून आतले माप ३२ × ३२ × २१.५ सेंटिमीटर, म्हणजे २२ लिटर घेऊ. १८ मिलिमीटर जाडीची फळी वापरली तर बाहेरचे माप ३५.६ × ३५.६ × २५.१ होते, म्हणजे जवळजवळ ३२ लिटर. दहा लिटर जागा नुसत्या लाकडात गेली!

मग पातळ फळी का नको? पडदा एक सेंटिमीटर आत आला की सुमारे ३३० घन सेंटिमीटर हवा दाबली जाते. त्यामुळे मोठ्या फळीवर सुमारे २४ किलोग्रॅम वजनाएवढा जोर येतो, आणि ४० हर्ट्झच्या स्वराला तो सेकंदाला चाळीस वेळा उलटसुलट होतो. पातळ फळी थरथरेल व तीच नको तो आवाज करील. सांधे हवाबंद हवेत. पेटी डिकीत पट्ट्यांनी पक्की बांधावी, नाहीतर जोराचा ब्रेक लागताच ती पुढे फेकली जाईल. बॅटरीकडून येणाऱ्या तारेवर, बॅटरीजवळच, फ्यूज हवा.

कानांचा हिशेब

एक हिशेब मात्र कागदावर छापलेला नसतो. ८५ डेसिबेलचा आवाज दिवसाला आठ तासांपर्यंत चालतो, असा एक प्रचलित दंडक आहे. त्यापुढे दर ३ डेसिबेलला ही मुदत निम्मी होते. १०० डेसिबेलला ती पाव तासच उरते. अंतर्कर्णातील सूक्ष्म रोमपेशी एकदा नष्ट झाल्या की पुन्हा उगवत नाहीत. गाडीत शिरलेला खर्ज बाहेरच्या रुग्णवाहिकेचा भोंगाही झाकून टाकतो. चांगली पेटी म्हणजे हळू आवाजातही खर्ज स्पष्ट ऐकवणारी पेटी.

आता तुमच्यासाठी एक उदाहरण. याच सबवूफरला १५ लिटरची पेटी केली तर काय होईल? उत्तर ६० हर्ट्झ व ०.८ आले, तर हिशेब बरोबर आहे. पाच लिटर जागा वाचली. त्याबदल्यात काय गेले, ते वर्गात मित्रांना समजावून सांगा.