शुष्काक्षिपाक आणि अश्रुरंध्रातील बूच : घडण, निवड व वैद्याची दक्षता

वैशाख-ज्येष्ठात अंजनगाव सुर्जीच्या परिसरात तप्त, कोरडा वारा सुटला की दवाखान्यात एक तक्रार वाढू लागते. डोळ्यांत वाळू गेल्यासारखे खुपते, सकाळी पापण्या उघडवत नाहीत आणि विशेष म्हणजे तरीही डोळ्यांतून पाणी वाहते. सुश्रुताचार्यांनी उत्तरतंत्रात १७ सर्वगत नेत्ररोग सांगितले. त्यांतील शुष्काक्षिपाकाची लक्षणे म्हणजे पापण्यांची रूक्षता व कठीणपणा, दाह, दृष्टीचा गढूळपणा आणि नेत्रोन्मीलनातील कष्ट. आधुनिक शास्त्रातील ‘ड्राय आय’शी ती बरीचशी जुळतात. जीवनीय घृताचे तर्पण, अणुतैलाचे नस्य ही चिकित्सा आपण करतोच. परंतु ‘डोळ्यात बूच बसवून आलो’ असे सांगणारे रुग्णही आता आपल्याकडे येतात. हे बूच काय आहे आणि त्याच्याबाबत आपली जबाबदारी कोणती, याचा विचार येथे करावयाचा आहे.

अश्रूंची वाट

पापण्यांच्या कडेवर, नाकाच्या बाजूस, वर व खाली एकेक सूक्ष्म छिद्र असते. हेच अश्रुरंध्र. त्याचा व्यास सुमारे ०.३ मिलिमीटर. तेथून निघालेली नलिका प्रथम सुमारे २ मिलिमीटर उभी जाते, मग वळून सुमारे ८ मिलिमीटर आडवी जाते आणि अश्रुकोशात उघडते. पुढे हा मार्ग नाकात उतरतो. डोळ्यात घातलेल्या कडू थेंबांची चव घशात येते ती याच वाटेने. प्रत्येक निमेषोन्मेषासरशी अश्रू या छिद्रांकडे ओढले जातात. ज्या डोळ्यात अश्रूंची निर्मितीच अल्प, तेथे हा निचरा रोखला तर आहे तेवढे पाणी डोळ्यातच टिकते. बुचामागील तत्त्व एवढेच आहे.

घडणीतील पेच

१९६१ साली फाउल्ड्स यांनी या कामी जिलेटिनच्या कांड्या वापरल्या. त्या विरघळून जात. १९७५ साली फ्रीमन यांनी सिलिकॉनचे बूच पुढे आणले. त्याचे तीन भाग आहेत : रुंद माथा, बारीक मान आणि खाली फुगीर अथवा शंक्वाकृती टोक. माथ्यामुळे बूच नलिकेत घसरत नाही, फुगीर टोकामुळे ते वर निसटत नाही आणि मानेभोवती छिद्राची लवचिक कड घट्ट बसते. माथा दिसत असल्याने गरज पडल्यास चिमट्याने ते काढताही येते.

मात्र जे घट्ट ते सुखद असेलच असे नाही, आणि जे सुखद ते टिकेलच असेही नाही. यंत्रांविषयी सुश्रुताचार्यांनी केलेला विचार येथे मार्गदर्शक ठरतो. १०१ यंत्रे सांगून त्यांनी यंत्रांचे १२ दोषही गणले आहेत. त्यांतील काही संज्ञा आम्ही येथे लक्षणेने योजतो. बूच *अतिस्थूल* असेल तर छिद्राची कड ताणली जाते, क्वचित फाटते. *शिथिल* असेल तर डोळा चोळताच गळून पडते. बूच गळणे ही सर्वांत नित्याची अडचण आहे. माथा *अत्युन्नत* असेल तर तो बुबुळाच्या बाजूस घासतो आणि शुष्कतेहून अधिक पीडा देतो. म्हणून अश्रुरंध्राचे माप मापकाने घेऊन त्याहून किंचित मोठे बूच निवडतात आणि माथा कडेशी समतल बसल्याची खात्री करतात. अंदाजाने बूच बसवू नये.

माथ्याचा घर्षणदोष टाळण्यासाठी नलिकेतच राहणारी बुचेही निघाली. त्यांतील काही देहोष्म्याने मऊ होऊन नलिकेचा आकार घेतात. ती खुपत नाहीत, पण दिसतही नाहीत. आत शोथ झाल्यास ती काढणे कठीण जाते. एक दोष टाळताना दुसरा पदरी येतो, तो असा.

कोणास योग्य, कोणास अयोग्य

शिर्मर परीक्षेत ५ मिलिमीटर रुंदीची शोषकपट्टी खालच्या पापणीत ५ मिनिटे ठेवतात. पट्टी फारच थोडी भिजली तर अश्रूंची अल्पता समजते. अशा रुग्णास बूच लाभते. सांधेदुखीसह तोंडही कोरडे पडणाऱ्या रुग्णात योग्रेन व्याधीचा संशय घ्यावा. पापण्यांच्या कडांवर खवले, लाली, चिकटपणा असेल अथवा अश्रुकोशात पूय असेल तर प्रथम त्याची चिकित्सा व्हावी. अन्यथा दूषित अश्रूच कोंडले जातात. कित्येकदा आधी काही दिवसांत विरघळणारे कोलॅजेनचे बूच बसवून, डोळा वाहू लागतो का, हे पाहिले जाते. हा उपशय-अनुपशयाचाच प्रकार होय.

आमची एक चूक

एक प्रौढ भगिनी डोळ्याच्या आतील कोपऱ्यात टोचते म्हणून आमच्याकडे आल्या. शुष्काक्षिपाक समजून आम्ही पिप्पलीयुक्त अंजन सुरू केले. पीडा वाढली. तिसऱ्या दिवशी भिंगाने पाहिले, तेव्हा खालच्या अश्रुरंध्रातून वर सरकलेला बुचाचा माथा दिसला. त्यांना आम्ही विचारलेच नव्हते, म्हणून त्यांनी सांगितले नव्हते. आपल्या पानमळ्यांतील पानपिंपरी ती हीच पिप्पली. औषध उत्तम, पण निचरा बंद असलेल्या डोळ्यात तीक्ष्ण द्रव्य अधिक काळ रेंगाळते, हे आम्ही ध्यानी घेतले नाही.

दवाखान्यात व औषधालयात

तेव्हापासून नेत्ररुग्णास पहिला प्रश्न बुचाचा विचारावा, असा आमचा नियम आहे. बूच असल्यास चूर्णांजन व वर्ती टाळावी. तर्पण करण्यापूर्वी बूच बसविणाऱ्या नेत्रतज्ज्ञाशी बोलावे. मुखाभ्यंगात नेत्राच्या आतील कोपऱ्यावर दाब देऊ नये. कापसाच्या वा धुळीच्या कामातील रुग्णास डोळे न चोळण्याविषयी बजावावे.

औषधविक्रेत्या बंधूंनीही दक्ष असावे. बेंझाल्कोनियम क्लोराइडसारखे परिरक्षक असलेले थेंब अशा डोळ्यात अधिक वेळ टिकतात. वारंवार थेंब घालणाऱ्यास परिरक्षकविरहित थेंब घेण्याविषयी सुचवावे. स्टिरॉइडचे थेंब चिठ्ठीवाचून कदापि देऊ नयेत. औषध टिकण्याच्या याच गुणाचा उपयोग करून डेक्सामेथासोन हळूहळू सोडणारी नलिकांतर्गत कांडी निघाली असून २०१८ साली अमेरिकेत तिला मान्यता मिळाली. जो गुण तेथे उपकारक, तोच अविचाराने दिलेल्या औषधात अपायकारक ठरतो.

आतील कोपऱ्यात सूज, लाली, दाबल्यास पूय दिसल्यास तो पूयालसाचा प्रसंग समजावा. रुग्णास त्याच दिवशी अमरावती वा अकोला येथे नेत्रतज्ज्ञाकडे पाठवावे. बूच बसविणे हे आपल्यापैकी बहुतेकांचे काम नाही. ते ओळखणे मात्र आपणा सर्वांचे काम आहे, आणि त्यासाठी एक भिंग, पुरेसा उजेड व एक प्रश्न एवढे पुरते.