उलटं काचघर

काचघर म्हटलं की बाहेर थंडी आणि आत ऊब, असंच चित्र डोळ्यांपुढे येतं. सिंगापूरच्या ‘गार्डन्स बाय द बे’मधलं ‘क्लाउड फॉरेस्ट’ मात्र बरोब्बर उलटं आहे. बाहेर घामाच्या धारा आणि आत २३ ते २५ अंश! आतेभावाकडे गेलो होतो तेव्हा ते पाहिलं.

२०१२ साली सुरू झालेल्या या काचघरात ३५ मीटर उंच डोंगर उभा केलाय. त्यावरून धबधबा कोसळतो. अंगाखांद्यावर नेचे, ऑर्किड, शेवाळ, माथ्यावर कीटक खाणारी घटपर्णी. ही झाडं विषुववृत्ताजवळच्या डोंगरांवर, १००० ते ३५०० मीटर उंचीवर ढगात राहणारी. त्यांना गारवाही हवा आणि ८०-९० टक्के आर्द्रताही.

“दादा, कूलर कुठे लपवलेत?” मी विचारलं.

“जळगावचा कूलर इथे चालेल का रे, इंजिनिअर?”

गप्प बसलो. आपला कूलर पाण्याच्या बाष्पीभवनावर चालतो. मे महिन्यात ४२ अंश आणि १५ टक्के आर्द्रता असेल, तर तो हवा जास्तीत जास्त २२ अंशांपर्यंत उतरवू शकतो. पण ३१ अंश आणि ८० टक्के आर्द्रतेत ही मर्यादाच २८ अंशांवर येते. हवा आधीच ओली, पाणी उडणार कुठे?

आणि मला मामांची यावलजवळची नर्सरी आठवली. टिश्यू कल्चरची केळीची रोपं, एका बाजूला ओले पॅड, दुसऱ्या बाजूला पंखे. उन्हाळाभर झकास चाललं. जुलैत रोपं माना टाकू लागली, तेव्हा “मामा, पॅड अजून भिजवा” असं सांगणारा शहाणा मीच. दीड हजार रोपं कुजली. मामा मला एक शब्द बोलले नाहीत.

इथे काय केलंय? जमिनीच्या स्लॅबमध्ये थंड पाण्याचे पाइप टाकलेत. गार हवा जड, ती खाली माणसांच्या उंचीवर साचते. गरम हवा वर जाते, तिला बाहेर काढतात. म्हणजे अख्खा घुमट गार करायची गरजच नाही. काच अशी की उजेड आत, उष्णता बरीचशी बाहेर. ऊन वाढलं की सेन्सरवर पडदे उघडतात. शहरातल्या झाडांच्या छाटणीचं लाकूड जाळून वाफ, वाफेवर वीज. उरलेली उष्णताही वाया जात नाही. शेजारच्या ‘फ्लॉवर डोम’मध्ये हवेतला ओलावा एका द्रावणाने शोषतात, ते द्रावण पुन्हा सुकवायला ती लागते. (आपल्याकडे पऱ्हाट्या बांधावरच पेटतात, असो.)

एवढा खर्च नर्सरीला कुठला परवडायला! परत आल्यावर मामांकडे दोन साधे थर्मामीटर टांगले, एकाच्या बुडाला ओली चिंधी. दोघांतला फरक ३ अंशांच्या खाली आला की पॅड बंद, बाजूचे पडदे वर, नुसते पंखे चालू. मामा आता सकाळी चहाच्या आधी तोच फरक बघतात.