म्हातारा कुत्रा भांड्यावरून तोंड फिरवतो तेव्हा

आजारातून उठलेला वयस्कर कुत्रा जेवत नसला, की ‘नखरे करतोय, भूक लागली की खाईल’ असे समजून अनेक घरांत वाट पाहिली जाते. बऱ्याचदा ते नखरे नसतात; ती अन्नघृणा (विशिष्ट अन्नाचा मळमळीशी जोडला गेलेला तिटकारा) असते. श्रीखंड खाल्ल्यावर उलट्या झालेल्या माणसाला पुढे कित्येक महिने त्याचा वासही नकोसा होतो, तसेच हे आहे.

असा कुत्रा भांड्यापर्यंत येतो, हुंगतो, ओठ चाटतो, लाळ गिळतो आणि मागे फिरतो. त्याला भूक असते, पण बहुधा मळमळतही असते. अशा वेळी सिरिंजने बळेच भरवले किंवा आवडत्या घासात कडू गोळी लपवली, तर तिटकारा वाढतो.

आधी पशुवैद्यांकडून मळमळ, दातांचे दुखणे आणि मूत्रपिंडाचे काम तपासून घ्यावे. मूत्रपिंडासाठीचा पथ्याचा आहार सांगितला असेल, तर तो मळमळ थांबल्यावरच हळूहळू सुरू करावा. अन्न कोमट द्यावे; उबेने वास खुलतो आणि वयाने मंदावलेल्या नाकालाही तो जाणवतो. पशुवैद्यांची मनाई नसेल तर मऊ भात आणि बिनहाडाचे उकडलेले चिकन, कांदा-लसूण न घालता, दिवसातून ४-५ वेळा थोडे थोडे द्यावे. १५-२० मिनिटांत खाल्ले नाही, तर न रागावता भांडे उचलावे. २४ तास पोटात काहीच गेले नाही किंवा पाणीही टिकत नसेल, तर वाट न पाहता दवाखाना गाठावा.