बाळाचे न्हाणे-माखणे आणि घरचे हात

चाकणजवळच्या नाणेकरवाडी, खराबवाडी, महाळुंगे, कुरुळी या गावांतून, त्याचप्रमाणे अलीकडे चिखली, मोशी, तळवडे या भागांतून भाड्याच्या एकेका खोलीत संसार थाटलेली असंख्य तरुण जोडपी राहतात. कोणी लातूर-नांदेडकडचे, कोणी जळगाव-धुळ्याचे, कोणी बुलढाण्याचे. बाळंतपणासाठी मुलगी माहेरी जाते आणि बाळ दीड-दोन महिन्यांचे, फार तर तीन महिन्यांचे झाले की परत येते. माहेरी असेतोवर बाळाला तेल लावून न्हाऊ घालण्यासाठी आई असते, आजी असते, गावातील सरावाची बाई असते. येथे परतल्यावर दुसऱ्याच दिवशी सकाळी पती कंपनीच्या बसकडे निघून जातो, दार लोटले जाते आणि त्या खोलीत बाळ व आई अशी दोघेच उरतात. बाळाला आता तेल कोण लावणार, हा प्रश्न तेव्हा उभा राहतो.

पुष्कळ घरांतून या प्रश्नाचे उत्तर ‘राहू दे, नुसती अंघोळ घालू’ असे दिले जाते. ‘मला पाय लांब करून बाळ पायांवर घेता येत नाही’, ‘माझ्या हातून काही वेडेवाकडे झाले तर?’ ही आईची भीती असते. वडिलांना तर हे आपले काम आहे असे कोणी कधी सांगितलेलेच नसते. वाचकहो, या लेखाचे प्रयोजन एवढेच, की ही भीती अनाठायी आहे आणि हे काम आपणा दोघांचेही आहे, हे आपल्यासमोर मांडावे. तेल लावणे हे निमित्त होय. त्या निमित्ताने दिवसातून एकदा बाळाच्या सर्वांगावरून कोणाचा तरी निवांत हात फिरतो. भरल्या घरात हा स्पर्श आपोआप घडतो. दहा बाय दहाच्या खोलीत तो ठरवून घडवावा लागतो.

त्वचेला काय कळते?

ज्ञानेंद्रियांमध्ये स्पर्श सर्वांत आधी जागा होतो. गर्भावस्थेच्या साधारण आठव्या आठवड्यात गर्भाच्या ओठांभोवतीचा भाग स्पर्शाला प्रतिसाद देऊ लागतो. डोळे व कान त्यानंतर कितीतरी काळाने कामाला लागतात. त्यामुळे जन्मलेल्या बाळाला हे जग आधी कळते ते त्वचेतून.

या त्वचेत दोन प्रकारचे तंतू असतात. टोचले, दाबले की तात्काळ मेंदूला वर्दी देणारे जलद तंतू आपल्याला ठाऊक आहेत. त्यांच्याखेरीज अत्यंत संथ गतीने निरोप नेणारे आणखी काही तंतू आहेत. कुरवाळण्याला हे तंतू विशेषत्वाने जागतात. स्वीडनमधील शास्त्रज्ञांनी त्यांचा बारकाईने अभ्यास केला आहे. हात सेकंदाला साधारण एक ते दहा सेंटिमीटर या वेगाने फिरत असेल आणि तो अंगाइतकाच उबदार असेल, तर हे तंतू सर्वाधिक उत्तेजित होतात. त्यांचा निरोप पोहोचतो तो मेंदूच्या भावनांशी निगडित भागात. आपण व्यवहारात याचा अर्थ असा घ्यावा, की बाळाच्या मानेपासून कमरेपर्यंत हात न्यायला चार-पाच सेकंद लागू द्यावेत. आपल्या आज्या कोणतेही मोजमाप न करता नेमके हेच करीत आल्या. मात्र सगळ्याच नव्हेत. काहींचे हात भलतेच जोरकस असत, त्याविषयी पुढे येईलच.

पुरावा किती, समजूत किती?

आपल्याकडे ही प्रथा फार जुनी. वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदया’त नवजात बालकासाठी बला तेलाचा उल्लेख येतो. पाश्चात्त्य जगाला तिची ओळख उशिरा झाली. फ्रेडरिक लेबॉये या फ्रेंच प्रसूतितज्ज्ञाने कोलकात्याच्या वस्तीत एक आई आपल्या बाळाला मालिश करीत असलेली पाहिली आणि १९७६ मध्ये तिच्याच नावाने, ‘शांतला’ या शीर्षकाने, छायाचित्रांसह पुस्तक प्रसिद्ध केले. तेथून युरोपात बाळांच्या मालिशचे वर्ग सुरू होण्यास चालना मिळाली. आपल्या घरात चालत आलेली गोष्ट परदेशातून फिरून, शुल्क आकारून आपल्याकडे परत यावी, ही गंमत वेगळीच.

शास्त्रीय पुराव्याकडे वळू. अमेरिकेतील मायामी विद्यापीठाच्या टिफनी फील्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये अपुऱ्या दिवसांच्या बाळांवरील अभ्यास प्रसिद्ध केला. दिवसातून तीन वेळा, प्रत्येकी १५ मिनिटे, असा दहा दिवस स्पर्श मिळालेल्या बाळांचे वजन इतर बाळांच्या तुलनेत ४७ टक्के अधिक वाढले. ही बाळे दूध जास्त पीत नव्हती, हे ध्यानात घ्यावे. पुढील अभ्यासांतून असे दिसले, की मध्यम दाबाच्या स्पर्शाने व्हेगस नावाची मज्जारज्जूबाहेरून जठरापर्यंत जाणारी चेता अधिक कार्यशील होते आणि जठराची हालचाल सुधारते. अगदी हलका, गुदगुल्या व्हाव्यात असा हात मात्र बाळांना त्रासदायक वाटतो.

आपल्याकडेही हे काम झाले आहे. मुंबईच्या शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयातील नवजात शिशू विभागाने २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, खोबरेल तेलाने मालिश केलेल्या अपुऱ्या दिवसांच्या बाळांचे वजन मिनरल ऑइलच्या गटापेक्षा अधिक वेगाने वाढले. त्याआधी २००० साली १२५ पूर्ण दिवसांच्या बाळांवर झालेल्या भारतीय अभ्यासात तिळाच्या तेलाचा गट वाढीच्या बाबतीत सरस ठरला आणि मालिशनंतर बाळांची झोपही सुधारली.

आता दुसरी बाजूही ऐकावी. कॉक्रेन या संस्थेने २०१३ मध्ये जगभरातील ३४ अभ्यासांचा आढावा घेतला, तेव्हा पूर्ण दिवसांच्या, निरोगी बाळांबाबतचा पुरावा तिला दुबळा आढळला. मालिशने हाडे पोलादी होतात, नाक सरळ होते, डोके गोल होते, रंग उजळतो, या समजुतींना कसलाही आधार नाही. बाळाला एखाद्या दिवशी तेल लागले नाही, तर त्याच्या वाढीत खोट राहील, ही धास्तीही बाळगू नये.

मग एवढा खटाटोप कशासाठी? तेल दुय्यम आहे आणि स्पर्श दुय्यम नाही, यासाठी. याचा सर्वांत भक्कम पुरावा मालिशमधून नव्हे, तर कांगारू पद्धतीतून येतो. कोलंबियातील बोगोटा शहरात १९७८ मध्ये पुरेशा काचपेट्या नव्हत्या, म्हणून डॉ. एद्गार रे सानाब्रिया यांनी कमी वजनाच्या बाळांना आईच्या उघड्या छातीशी बांधून ठेवण्यास आरंभ केला. जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांत केलेल्या चाचणीचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. १ किलो ते १.७९९ किलो वजनाच्या बाळांना जन्मल्याबरोबर छातीशी धरले, तेव्हा पहिल्या २८ दिवसांतील मृत्यूंचे प्रमाण १५.७ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर आले. तेथे मालिश नव्हते, तेलाचा थेंब नव्हता. होती ती त्वचेला त्वचा, ऊब आणि आईचे दूध. आपले बाळ कमी वजनाचे असेल आणि डॉक्टरांनी कांगारू पद्धत सांगितली असेल, तर ‘घरात जागा नाही, शेजारी काय म्हणतील’ असा संकोच कृपया करू नये. हे काम वडिलांनाही करता येते.

वडिलांचे हात

आपल्या पट्ट्यातील घरांना हा भाग अधिक लागू आहे. तीन पाळ्यांच्या कंपनीत काम करणाऱ्या वडिलांना आठवडेच्या आठवडे बाळ जागे दिसत नाही. सकाळच्या पाळीला जाताना ते झोपलेले, दुपारच्या पाळीहून मध्यरात्री परतावे तर तेव्हाही झोपलेले. रात्रपाळीच्या आठवड्यात वडील दिवसा झोपतात आणि खोली एकच असल्याने आई बाळाला घेऊन बाहेर पायरीवर बसून राहते, की त्यांची झोप मोडू नये. यात दोष कोणाचाच नाही. परंतु बाळाच्या आयुष्यातील पहिले सहा महिने असेच निघून जातात.

इस्रायलमधील रूथ फेल्डमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासांतून असे आढळले, की बाळाशी खेळकर शारीरिक जवळीक साधणाऱ्या वडिलांच्या शरीरातही ऑक्सिटोसिन हे माया जागवणारे संप्रेरक वाढते. बाळंतपण आईचे असले, तरी बाप होणे हे बरेचसे हातांनी घडते. म्हणून आमची सूचना अशी, की तेल लावण्याची वेळ घड्याळाला न बांधता पाळीला बांधावी. दुपारच्या पाळीचा आठवडा असेल तर सकाळी वडिलांनी तेल लावावे. सकाळची पाळी असेल तर संध्याकाळी. रात्रपाळीत झोप झाल्यावर चारच्या सुमारास. बाळाला वेळेशी देणेघेणे नसते. रोजचा क्रम सारखा राहिला, आधी पाय, मग पोट, छाती, हात आणि शेवटी पाठ, तर ते दोन-तीन आठवड्यांत ओळखू लागते.

एक खबरदारी मात्र कारखान्यात काम करणाऱ्यांनी कटाक्षाने घ्यावी. मशिनवरचे कूलंट, ग्रीस, कटिंग ऑइल, रंग, धातूचा बारीक कीस हे सारे नखांत आणि हातांच्या रेषांत बसते. हात नुसते कापडाला पुसून किंवा रॉकेलने धुऊन बाळाला हात लावू नये. कामाचे कपडे बदलावेत, कोपरापर्यंत साबणाने हात धुवावेत, नखे कापलेली असावीत, अंगठी व कडे काढून ठेवावे. खरखरीत तळव्यांची लाज वाटण्याचे कारण नाही. तेलाने तेही मऊ होतात.

आईच्या मनाविषयीही येथे लिहिले पाहिजे. परक्या गावात, दिवसभर एकटेपणात, अर्धवट झोपेत काही मातांना बाळाविषयी काहीच वाटेनासे होते आणि त्या ते कोणाला सांगत नाहीत. लंडनमध्ये २००१ साली झालेल्या एका छोट्या अभ्यासात, प्रसूतीनंतर नैराश्य आलेल्या मातांना बाळाचे मालिश शिकवले गेले, तेव्हा त्यांचे नैराश्य कमी झाले आणि बाळाशी त्यांचा संवाद सुधारला. मालिश हा नैराश्यावरील उपचार नव्हे. दोन आठवड्यांहून अधिक काळ मन उदास असेल, रडू कोसळत असेल, स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचे विचार येत असतील, तर विनाविलंब डॉक्टरांकडे जावे. घरी येणाऱ्या आशाताईंशीही याविषयी मोकळेपणाने बोलावे. रुग्णालयात बाळंतपण झाल्यावर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी त्यांनी घरी येणे अपेक्षित असते. या गृहभेटींचे मूळ आपल्याच महाराष्ट्रात, डॉ. अभय व राणी बंग यांच्या गडचिरोलीतील कामात आहे. आपण बाळाला घेऊन नव्याने राहायला आला असाल, तर आपल्या भागातील अंगणवाडीत नाव नोंदवून ठेवावे.

नोकरी करणाऱ्या मातांनी आणखी एक गोष्ट जाणून घ्यावी. प्रसूती लाभ कायद्यातील २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची भरपगारी रजा मिळू लागली. ठेकेदारामार्फत काम करणारी स्त्रीही, आधीच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम केलेले असल्यास, या लाभाला पात्र असते. वेतनातून ईएसआय कापला जात असेल, तर हा लाभ त्या योजनेतून, तिच्या नियमांनुसार मिळतो; चिंचवडच्या मोहननगरात तिचे रुग्णालय आहे. ‘कंत्राटी बायकांना रजा नसते’ हे वाक्य ऐकून घरी बसू नये. वडिलांसाठी मात्र खासगी कारखान्यांना लागू होणारा असा कायदा नाही, आणि आमच्या मते ही मोठीच उणीव आहे.

काय टाळावे

शहरात अंघोळ घालणाऱ्या बाया मिळतात. काहींचा हात खरोखर मायेचा असतो. परंतु बाई कितीही अनुभवी असो, बाळ तिच्या स्वाधीन करून आपण स्वयंपाकघरात जाऊ नये. नाकात, कानात तेल सोडणे सर्वथा थांबवावे. नाकातले तेल फुप्फुसात उतरून न्यूमोनिया होऊ शकतो. नवजात बाळाची स्तनाग्रे पिळणे, टाळू दाबणे, पाय धरून उलटे लोंबकळवणे, हातपाय खेचून कडकड वाजवणे, न्हाऊ घातल्यावर कोंडलेल्या खोलीत धुरी देणे, या सर्व गोष्टी घातक आहेत. बाळ किंचाळत असताना ‘रडले की फुप्फुसे मोकळी होतात’ असे कोणी म्हणाले, तर ते मानू नये. ते दुखल्यामुळे रडत असते. डाळीचे पीठ चोळून लव काढण्याची घाईही नको. ती आपोआप जाते.

तेल खोबऱ्याचे किंवा तिळाचे, शुद्ध आणि सुगंधविरहित असावे. मोहरीचे तेल कोवळ्या त्वचेला झोंबते. जन्मल्यावर पहिले २४ तास अंघोळ नको. नाळ गळून पडेपर्यंत तिच्याभोवती तेल नको. दूध पाजल्यावर पाऊण तास तरी जाऊ द्यावा. ताप असताना, पुरळ उठलेले असताना मालिश करू नये आणि लस टोचलेली जागा दोन-तीन दिवस चोळू नये. चाकणच्या बाजूस थंडीत पहाटे चांगलाच गारठा असतो. खिडकी-दार लावून, तेल हातांवर चोळून उबदार करून मगच बाळाचे कपडे काढावेत. कोवळे ऊन चांगले, परंतु त्यावर विसंबून ड जीवनसत्त्वाचे थेंब बंद करू नयेत. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेने पहिले वर्षभर रोज ४०० युनिट सांगितले आहेत.

पाय लांब करून बसणे जमत नसेल, तर जमिनीवर सतरंजी, तीवर जुने मऊ लुगडे अंथरून बाळ समोर ठेवावे. दहा मिनिटे पुरतात. मोबाइल दूर ठेवावा आणि बाळाच्या डोळ्यांत पाहून बोलावे, काहीही बोलावे. त्याने मान वळवली, जांभई दिली, मुठी आवळल्या, तर ते ‘पुरे’ म्हणत आहे असे समजून थांबावे. पाचव्या-सहाव्या महिन्यात ते पालथे पडून निसटू लागेल आणि तेलाची वाटी सांडेल. तेव्हा हट्टाने धरून ठेवू नये. हाती लागतील तेवढे पाय चोळून त्याला सोडून द्यावे.