व्हर्श बसवलं, पण यादी रिकामी का?

डेबियनवर आपण लिबव्हर्ट-डिमन-सिस्टम आणि लिबव्हर्ट-क्लायंट्स ही दोन पॅकेजं बसवली. दुसऱ्यातून व्हर्श येतं, म्हणजे आभासी मशीन कमांडने चालवायचं साधन. आता 'व्हर्श लिस्ट' दिलं, तर यादी रिकामी! मशीनं उडाली की काय? नाही. ही कमांड फक्त चालू मशीनं दाखवते. बंद असलेलीही हवीत, तर 'ऑल' हा पर्याय जोडायचा. तरीही रिकामी? मग आपण भलत्याच घराचं दार ठोठावतोय. साध्या वापरकर्त्याचं व्हर्श 'सेशन'ला जोडलं जातं, आणि व्हर्ट-मॅनेजरमध्ये बनवलेली मशीनं सहसा असतात 'सिस्टम'मध्ये. तेव्हा 'कनेक्ट' पर्यायाने सिस्टमचा पत्ता द्यायचा. परवानगी नाकारली, तर स्वतःला लिबव्हर्ट गटात घालायचं. इथे आपण हमखास एक विसरतो: लॉगआउट करून परत आल्याशिवाय तो गट लागूच होत नाही.