पदार्पणाची बातमी आणि बातमीमागचा खेळ

कोल्हापूरला खेळाचे वेड नवे नाही. राजर्षी शाहू महाराजांनी उभारलेले आणि १९१२ साली खुले झालेले खासबाग मैदान असो, की तालमींच्या फुटबॉल संघांच्या चुरशीने दुमदुमणारे शाहू स्टेडियम असो, येथील माणूस खेळ मनापासून पाहतो आणि पाहून झाल्यावर त्यावर तितक्याच मनापासून वाद घालतो. पंचाचा निर्णय बरोबर की चूक, हा वाद तर पिढ्यानुपिढ्या चालत आला आहे. अलीकडे त्यात आणखी एका वादाची भर पडली आहे. मोठ्या स्पर्धेत प्रथमच उतरणाऱ्या खेळाडूची दखल वृत्तपत्रांनी व दूरचित्रवाणीने कशी घेतली, हा तो वाद होय. वरकरणी तो किरकोळ वाटला, तरी त्याच्या मुळाशी असलेला प्रश्न किरकोळ नाही.

निमित्त अर्थातच स्वप्निल कुसाळे याचे. राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या या नेमबाजाने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफलच्या तीन स्थितींच्या प्रकारात ४५१.४ गुण मिळवून कांस्यपदक पटकावले. ऑलिंपिकमधील त्याची ती पहिलीच खेप. या प्रकारात भारताला मिळालेले ते पहिलेच पदक. आणि महाराष्ट्राच्या खेळाडूला वैयक्तिक ऑलिंपिक पदक लाभले, ते तब्बल ७२ वर्षांनी. साहजिकच त्या दिवसापासून कांबळवाडीची वाट पत्रकारांनी आणि कॅमेऱ्यांनी फुलून गेली. घर, शाळा, आईवडील, शेजारीपाजारी, सर्वांची छायाचित्रे झळकली. स्वप्निल मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस असल्याने, एकेकाळी तीच नोकरी केलेल्या महेंद्रसिंह धोनीशी त्याची तुलनाही ठिकठिकाणी झाली.

यावर क्रीडारसिकांत सरळसरळ दोन तट पडले. एका पक्षाचे म्हणणे असे की, हा सारा अतिरेक झाला. काल ज्याचे नाव छापायला जागा नव्हती, त्याच्या अंगणात आज पाय ठेवायला जागा उरली नाही. दुसऱ्या पक्षाचे उत्तर असे की, क्रिकेटमधील एखाद्या नवोदिताच्या पहिल्या अर्धशतकाचे जेवढे कौतुक होते, तेवढे ऑलिंपिक पदक मिळवणाऱ्या नेमबाजाचे झाले, तर त्यात अतिरेक कसला? दोन्ही बाजूंत तथ्य आहे. मात्र दोन्ही पक्ष जागेचे माप घेत बसले आहेत. बातमी किती मोठी होती यापेक्षा ती कशाविषयी होती आणि केव्हा आली, हे पाहणे अधिक अगत्याचे आहे.

या क्रीडाप्रकाराचेच पाहा. प्राथमिक फेरीत गुडघ्यावर बसून, पालथे पडून आणि उभे राहून अशा तिन्ही स्थितींत प्रत्येकी वीस, म्हणजे एकूण साठ गोळ्या झाडाव्या लागतात. ६०० पैकी ५९० गुण मिळवून स्वप्निलने सातव्या क्रमांकाने पहिल्या आठांत स्थान मिळवले. अंतिम फेरीत पूर्वीचे गुण धरले जात नाहीत. सर्वांना शून्यापासून आरंभ करावा लागतो. तेथे पहिल्या स्थितीअखेर तो सहावा होता, दुसरीअखेर पाचवा आणि उभ्या स्थितीत तो तिसऱ्या स्थानी पोहोचला. बंदुकीचा सारा भार स्वतःच्या देहावर पेलावयाचा असल्यामुळे हीच स्थिती सर्वांत कठीण समजली जाते. विशेष म्हणजे, आदल्या वर्षी हांगझोऊ येथील आशियाई स्पर्धेत आघाडीवर असताना याच स्थितीतील एका गोळीला अवघे ७.६ गुण मिळाल्याने त्याचे वैयक्तिक पदक हुकले होते आणि तो चौथा आला होता. ज्या ठिकाणी एकदा तोल गेला, त्याच ठिकाणी अवघ्या दहा महिन्यांनी, जगातील श्रेष्ठ नेमबाजांच्या पंक्तीत, हा तरुण अचल उभा राहिला. पॅरिसच्या यशातील खरे नाट्य हे होते. परंतु ते सांगायचे तर हांगझोऊची वार्ता आधी ठाऊक असावयास हवी. ज्याने ती घेतली नव्हती, त्याच्यापाशी अंगणाचे वर्णन करण्यावाचून दुसरे काही उरत नाही.

आणखी एक गोष्ट. पदार्पण या शब्दामुळे खेळाडू नवखा असल्याचा भास होतो. वस्तुतः स्वप्निल मुळीच नवखा नव्हता. २०२२ साली कैरोच्या जागतिक स्पर्धेत चौथा येऊन त्याने देशासाठी ऑलिंपिकची जागा मिळवली होती आणि हांगझोऊला सांघिक सुवर्णपदक जिंकणाऱ्या संघातही तो होता. कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंत हिचे उदाहरण तर याहून बोलके आहे. २०१० साली म्युनिच येथे ती जगज्जेती झाली. नेमबाजीत तो मान मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. पण ऑलिंपिकमध्ये ती प्रथम उतरली ती २०२१ साली, टोकियोत, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, आणि तिला तेहतिसावे स्थान मिळाले. केवळ त्या दिवसाची बातमी वाचणाऱ्याला एक अपयशी पदार्पण दिसेल. तिची कारकीर्द ठाऊक असणाऱ्याला दोन तपांची साधना दिसेल.

जलतरणपटू वीरधवल खाडे २००८ साली बीजिंगला गेला तेव्हा अवघा सोळा वर्षांचा होता. तेथे तो प्राथमिक फेरीच्या पुढे गेला नाही. मात्र दोनच वर्षांनी ग्वांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत त्याने ५० मीटर बटरफ्लाय प्रकारात कांस्यपदक मिळवले. जलतरणात भारताला आशियाई पदक लाभले ते २४ वर्षांनी. पुढे २०१८ साली जकार्ता येथे ५० मीटर फ्रीस्टाइलमध्ये त्याचे कांस्यपदक सेकंदाच्या शंभराव्या भागाने हुकले. पहिल्या निकालावरून खेळाडूचे मोल ठरवणे किती घाईचे असते, याला आणखी पुरावा नको.

ही उपेक्षा आजचीही नाही. राजाराम महाविद्यालयाचे विद्यार्थी खाशाबा जाधव १९४८ साली लंडन ऑलिंपिकमध्ये प्रथम उतरले आणि मातीत घडलेल्या या मल्लाने परक्या गादीवर सहावा क्रमांक मिळवला. चार वर्षांनी हेलसिंकीला जाण्यासाठी पैसा नव्हता, तेव्हा प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. २३ जुलै १९५२ रोजी खाशाबांनी कांस्यपदक जिंकले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होते. दुसऱ्याच दिवशी भारताने हॉकीचे सुवर्णपदक मिळवले आणि त्या झगमगाटात हे कांस्य झाकोळले. गावाने बैलगाड्यांची मिरवणूक काढली. देशाला मात्र त्यांची आठवण व्हायला फार वेळ लागला. १९८४ साली अपघातात त्यांचे निधन झाले आणि अर्जुन पुरस्कार मिळाला तो त्यानंतर, नव्या शतकाच्या उंबरठ्यावर. लंडनच्या सहाव्या क्रमांकाचा अर्थ त्याच वेळी कोणी देशाला समजावून दिला असता, तर एका प्राचार्याला घर गहाण टाकावे लागले असते काय?

उलट टोकाचेही दाखले आहेत. अमेरिकेत लेब्रॉन जेम्स शाळेत असतानाच, २००२ साली, एका प्रमुख क्रीडा साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर झळकला. पुढच्या वर्षी व्यावसायिक बास्केटबॉलमधील पहिल्याच सामन्यात त्याने २५ गुण मिळवले आणि नंतर त्या कौतुकाचे ओझेही पेलले. पण असा खेळाडू शतकात एखादा. पंजाबचा सतनाम सिंग २०१५ साली त्याच व्यावसायिक लीगसाठी निवडला गेलेला पहिला भारतीय ठरला, तेव्हा आपल्याकडे त्याचा केवढा गाजावाजा झाला! त्या लीगमध्ये एकही सामना खेळण्याची संधी त्याला कधी मिळाली नाही. गाजावाजा ओसरल्यावर त्याची विचारपूस किती जणांनी केली?

यावर संपादक मंडळी म्हणतील की, वाचकाला जे रुचते तेच आम्ही देतो. या म्हणण्यात सत्याचा अंश आहे आणि म्हणूनच दोषाचा काही वाटा आपल्याकडेही येतो. जिल्हा नेमबाजी स्पर्धेचा निकाल आपण वाचत नाही, पदकविजेत्याच्या आईने कोणता पदार्थ केला हे मात्र आवडीने वाचतो. तथापि आवड घडवणे हेही वृत्तपत्राचेच काम आहे. क्रिकेटचे बारकावे आपल्या आजोबांना जन्मतः अवगत नव्हते. वर्षानुवर्षांच्या वर्णनांनी आणि समालोचनांनी ते त्यांना शिकवले. तेच नेमबाजीच्या, जलतरणाच्या, कुस्तीच्या बाबतीत का होऊ नये?

मागणी मोठी नाही. पात्रता स्पर्धेपासून खेळाडूचा मागोवा घ्यावा. खेळाचे नियम दोन वाक्यांत समजावून द्यावेत. त्याच्या घराआधी त्याचा खेळ सांगावा आणि पदार्पणानंतर वर्षभराने, पदक मिळो वा न मिळो, त्याची पुन्हा चौकशी करावी. शाळांतील क्रीडाशिक्षकांनीही वर्गात अशी कात्रणे वाचून दाखवावीत. विजयाइतकाच चौथा क्रमांकही अभ्यासण्यासारखा असतो, हे मुलांना त्यातून कळेल.

आज एखाद्या तालमीत, तलावात किंवा नेमबाजीच्या केंद्रात कोणी मुलगा वा मुलगी पुढच्या ऑलिंपिकची तयारी करीत असेल. त्यांची दखल घेण्यासाठी पदकाच्या दिवसाची वाट पाहायची काय, याचे उत्तर वृत्तपत्रांनी द्यावयाचे आहे, आणि वाचकांनीही.